झोपाळू राष्ट्राध्यक्ष आणि ‘ड’ जीवनसत्त्व

अमेरिकेचे २७ वे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचे नाव निघाले की त्यांच्या अवाढव्य देहाचे किस्से सांगितले जातात. वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर हे किस्से म्हणजे त्या काळी नावही नसलेल्या एका आजाराची लक्षणे आहेत.

टाफ्ट यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५७ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. येल विद्यापीठातून १८७८ मध्ये वर्गात दुसरा क्रमांक मिळवून ते पदवीधर झाले. पुढे वकिली, न्यायाधीशपद, १९०१ पासून फिलिपिन्सचे गव्हर्नरपद आणि १९०४ मध्ये युद्धमंत्रिपद अशी त्यांची चढती कमान राहिली. पदांबरोबर वजनही वाढत गेले. १९०५ च्या अखेरीस ते ३१४ पौंड, म्हणजे सुमारे १४२ किलो भरले. तेव्हा त्यांनी इंग्लंडमधील डॉ. नॅथॅनिएल यॉर्क-डेव्हिस यांच्याकडून पत्राने आहाराचा सल्ला घ्यायला सुरुवात केली. रोज वजन करून ते डॉक्टरांना कळवत. काही महिन्यांत सुमारे ६० पौंड उतरले. मात्र १९०९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तोवर सगळे वजन परत आले होते.

व्हाइट हाउसमधील चार वर्षांत त्यांची झोप हा सर्वांच्या डोळ्यांवर येणारा विषय झाला. समोर पाहुणा बोलत असताना, पत्ते खेळताना, संगीताच्या कार्यक्रमात, एकदा तर अंत्यविधीला पहिल्या रांगेत बसलेले असताना त्यांचा डोळा लागला. पत्नी हेलन यांनी त्यांना यावरून गमतीचे नावही ठेवले होते. मदतनीस अधिकारी आर्ची बट यांना, साहेबांना चारचौघांत जागे कसे करायचे, हीच काळजी असे. घोरणे मोठ्याने होते, रक्तदाबही चढलेला होता. पण हा आजार असू शकेल, असे कोणाला वाटले नाही. लठ्ठ माणूस, जेवण जास्त, म्हणून सुस्ती, असाच हिशेब लावला गेला. १९१२ च्या निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले.

आज या लक्षणांना ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेत आणि जिभेत चरबी असेल तर श्वासाची वाट बंद होते. रक्तातील ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र आजारात असे तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा घडते. रुग्णाला त्यातले काही आठवत नाही. त्याला फक्त दिवसा झोप येते. हा आजार १९६५ मध्ये युरोपात नीट नोंदवला गेला. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे ‘सीपॅप’ यंत्र ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पुढे आणले. टाफ्ट यांच्या नोंदी तपासून हे निदान २००३ मध्ये डॉ. जॉन सोटोस यांनी मांडले.

यंत्र नव्हते, तरी टाफ्ट सुधारले. १९१३ मध्ये पद सुटल्यावर वर्षभरातच त्यांनी ६० पौंडांहून अधिक वजन उतरवले आणि या वेळी ते परत येऊ दिले नाही. दिवसाची झोप गेली. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदे भूषवलेली अमेरिकेतील ती एकमेव व्यक्ती. वॉशिंग्टनमध्ये ते न्यायालयात पायी जात आणि कामाचा उरक दांडगा होता.

त्याच सुमारास, १९२२ मध्ये, जवळच्या बाल्टिमोर शहरात एल्मर मॅकॉलम आणि सहकाऱ्यांनी मुडदूस रोखणारा घटक वेगळा ओळखला. तोच ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून प्रसिद्ध झाला. आज स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत हे जीवनसत्त्व अनेकदा कमी आढळते. मग गोळी घेतली की घोरणे थांबेल, असा समज होतो. पण ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत विरघळते. लठ्ठ शरीरात ते चरबीत साठून राहते आणि रक्तात कमी दिसते. लठ्ठपणा हाच या आजाराचाही मोठा धोका. त्यामुळे दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या, तरी एक दुसरीचे कारण ठरत नाही. वजन उतरले की दोन्हींत सुधारणा होऊ शकते. टाफ्ट गोल्फचे शौकीन होते. राष्ट्राध्यक्ष असतानाही उघड्या मैदानावर तासन् तास खेळत. उन्हाने त्यांची झोप गेली नाही. ती वजनाबरोबर गेली.

पूरक ‘ड’ जीवनसत्त्वाने श्वास थांबणे कमी होते, हे सिद्ध झालेले नाही. झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. रक्तात कमतरता असेल तर हाडे आणि स्नायूंसाठी ती जरूर भरून काढावी. मात्र आपल्याकडे सहज मिळणारी ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले तरी घेत राहणे धोक्याचे आहे. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा येतो आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात.

टाफ्ट यांचे हृदय अखेर थकले. फेब्रुवारी १९३० मध्ये त्यांनी पद सोडले आणि ८ मार्चला, ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घोरणे, सकाळची डोकेदुखी, आटोक्यात न येणारा रक्तदाब आणि दिवसा, विशेषतः गाडी चालवताना, येणारी डुलकी ही लक्षणे घरात कोणाला असतील, तर हसून सोडून देऊ नयेत. बारीक माणसालाही लहान जबडा किंवा वाढलेल्या टॉन्सिलमुळे हा आजार होतो. झोपेची तपासणी करून घ्यावी. यंत्र सांगितले असेल तर ते रोज रात्री लावावे आणि वजन जास्त असेल तर ते उतरवावे. पुडी या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही.