विश्लेषण : पंडिता रमाबाईंच्या ‘शारदा सदन’वरून वाद का झाला? पहिल्या विद्यार्थिनीने पुढे काय केले?

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की चर्चा बहुतेक वेळा त्यांच्या धर्मांतरावर येऊन थांबते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायकांनी पुढे काय केले, हा प्रश्न मागे पडतो. आज ‘महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामामागे रमाबाईंची एक विद्यार्थिनी होती आणि ती अखेरपर्यंत हिंदूच राहिली.

पंडिता रमाबाई कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रे फिरत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई-वडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा तान्ही होती.

त्यांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला?

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी आश्रय देतात, हे त्यांनी तिथे पाहिले. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला तरी चर्चची प्रत्येक आज्ञा त्यांनी मानली नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर बिशपांनी आक्षेप घेतला. रमाबाईंनी त्यांच्याशीही वाद घातला. आहारात त्या शाकाहारीच राहिल्या.

‘शारदा सदन’मध्ये वेगळे काय होते?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या, पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने १० वर्षे मदत देण्याचे ठरवले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले.

सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही आणि मुलींना स्वतःचे आचार पाळू द्यायचे, असा नियम होता. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी.

मग वाद कशाचा होता?

रमाबाई रोज आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून तिथे बसू लागल्या. बोलावायचे नाही आणि अडवायचेही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. टीकाकारांना हा छुपा धर्मप्रचार वाटला. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण लहान मुलींवर आवडत्या शिक्षिकेचा प्रभाव पडतोच. पण सदनातून काढलेल्या विधवेसाठी शिक्षणाचे दुसरे दार कोणते, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

गोदूबाईंचे पुढे काय झाले?

वाद चिघळण्याच्या काही महिने आधी, ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला होता. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्वे यांच्या मुरूड गावाने दांपत्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. तो हिंदू समाजाचा विश्वास राखून चालावा, यावर त्यांचा कटाक्ष होता. पुढे आश्रम हिंगण्याला गेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. आनंदीबाई या कामात पतीच्या बरोबरीने राबल्या.

केडगावात काय घडले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या आणि दौंड तालुक्यातील केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. हेच ‘मुक्ती सदन’. ‘शारदा सदन’मध्ये शिकलेल्या मुली आता नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे २ हजार जणी राहत होत्या. शेती, विणकाम, छपाई, दूधदुभते अशी सगळी कामे बायकाच सांभाळत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई.

इथे मात्र धर्माबाबत आधीचा नियम उरला नव्हता. संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली आणि अनेक मुलींनी तो धर्म स्वीकारला. बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केले आणि ते छापण्याचे कामही तिथल्या स्त्रियांनी केले.

त्यांचा वारसा काय?

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. केडगावची संस्था आजही सुरू आहे. हिंगण्याचे काम कर्वेनगरमध्ये विस्तारले आहे. एक संस्था ख्रिस्ती, दुसरी हिंदू समाजात राहून वाढलेली. दोन्हींचा धागा मुंबईत १८८९ मध्ये भरलेल्या त्या पहिल्या वर्गापर्यंत जातो.