महाडच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब आगबोटीने का गेले?

१८९१ मध्ये महूला जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बोटीनेच अमेरिकेला शिकायला गेले होते. पण त्यांचा आणखी एक बोटप्रवास इतिहासात महत्त्वाचा ठरला.

२० मार्च १९२७ ला ते महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी दलितांना मारहाण केली. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. धरमतरमार्गे गेलं आणि महाडच्या मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर?

म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' आगबोटीने निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सावित्रीकाठच्या दासगाव बंदरात उतरले. तिथून सत्याग्रही घोषणा देत महाडकडे चालत निघाले. त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं.

तळ्याचा खटला मात्र १९३७ पर्यंत चालला. मुंबई हायकोर्टाचा निकाल दलितांच्या बाजूने लागला.