नवाबाची मेहुणी लंडनला शिकायला जाते

जंजिरा म्हटलं की आपल्याला किल्ला, तोफा आणि कॉलेजची ट्रिप आठवते. पण त्याच जंजिरा संस्थानच्या नवाबाची एक मेहुणी होती, अतिया फैझी. मुंबईच्या तय्यबजी-फैझी या नामवंत सुलेमानी बोहरा गोतावळ्यातली. जन्म मात्र १८७७ साली थेट कॉन्स्टँटिनोपलचा, कारण वडील तिथे व्यापार करायचे. बहीण नाझली लग्न होऊन जंजिऱ्याची बेगम झाली.

१९०६ मध्ये अतिया सरकारी स्कॉलरशिप घेऊन बोटीने लंडनला गेली. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात, शिक्षिका व्हायला! मुसलमान मुलींना शाळेत पाठवायचं की नाही यावरच तेव्हा वाद चालू होते. मी पोहरादेवीहून इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा आमच्या घरी आठवडाभर चर्चासत्र चाललं होतं. बंजारा समाजाची काशी आमचं गाव, रामनवमीला लाखोंनी माणसं येतात, पण घरातली मुलगी बाहेर जायची म्हटली की... असो.

लंडनहून अतिया डायरी लिहून बहीण जोहराकडे पाठवायची आणि ती लाहोरच्या 'तहजीब-उन-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकात छापून यायची. म्हणजे पडद्यात बसलेल्या बायकासुद्धा तिच्याबरोबर कॉलेजला जाऊन येत होत्या. तब्येतीमुळे कोर्स अर्धवट राहिला, १९०७ ला ती परत आली. डायरीचं पुस्तक झालं १९२१ मध्ये. मला विचाराल तर हाती न आलेल्या सर्टिफिकेटपेक्षा हे काम कितीतरी मोठं.

१९१२ मध्ये तिने पुण्याच्या बेने इस्रायली चित्रकार सॅम्युएल रहामीनशी लग्न केलं आणि दोघांनी फैझी-रहामीन असं जोडनाव घेतलं. हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं.

१९२० च्या दशकात अलिगढच्या एका शिक्षण परिषदेत ती पडदा न घेता उभी राहिली आणि बायकांनाही पुरुषांसारखं मोकळेपणी फिरता आलं पाहिजे, असं तिने भर सभेत सांगितलं. गंमत म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या कुलपती तेव्हा एक बाईच होत्या, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, १९२० पासून. पण त्या स्वतः बुरख्यात असायच्या! अलिगढला पहिल्या महिला कुलगुरू मिळायला २०२४ साल उजाडलं.

फाळणीनंतर जिनांच्या बोलावण्यावरून अतिया आणि रहामीन कराचीला गेले. पुढे तिथलं राहतं घर हातचं गेलं. १९६७ मध्ये ती कराचीतच वारली, अगदी हलाखीत.