तीस सेकंद आणि रिचर्ड व्हाइटली

आधी एक गणित सोडवा. २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ असे सहा आकडे आहेत. प्रत्येक आकडा फार तर एकदाच वापरायचा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार काहीही करा, पण उत्तर ९५२ आलं पाहिजे. वेळ फक्त ३० सेकंद, आणि कॅल्क्युलेटर बॅगेतच राहू दे!

आपल्यातला कुणी काय करेल? ६ आणि ३ मिळून ९, गुणिले १०० म्हणजे ९००. त्यात ५० मिळवले की ९५०. मग ७५ भागिले २५ म्हणजे ३, तेही मिळवले की ९५३. अरेरे, एकाने हुकलं! १९९७ साली ब्रिटनमधल्या 'काउंटडाउन' या टीव्ही कार्यक्रमात हेच आकडे आले होते. तिथल्या एका स्पर्धकाने १०० मध्ये ६ मिळवले, १०६ ला ३ ने गुणलं, आलेल्या ३१८ ला सरळ ७५ ने गुणलं (इथे प्रेक्षक हसायला लागले), २३,८५० मधून ५० वजा केले आणि उरलेल्या २३,८०० ला २५ ने भागलं. बरोब्बर ९५२! ही क्लिप इंटरनेटवर अजून फिरते.

क्लिप बघताना सगळं लक्ष त्या स्पर्धकाकडे आणि फळ्यावर आकडे मांडणाऱ्या कॅरोल व्हॉर्डरमनकडे जातं. मला मात्र लिहायचंय ते या खेळाच्या सूत्रसंचालकाबद्दल. भडक कोट, त्याहून भडक टाय आणि ऐकून कपाळाला हात लावावा अशा शाब्दिक कोट्या, अशी ज्यांची ओळख होती ते रिचर्ड व्हाइटली.

व्हाइटलींचा जन्म २८ डिसेंबर १९४३ चा, इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या ब्रॅडफर्डचा. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. व्हाइटली घराण्याचीही कापडगिरणी होती. पुढे ती बंद पडली. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं हे माहीत असलेल्यांना यावर वेगळं सांगायला नको. तेराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते गिगल्सविक नावाच्या बोर्डिंग शाळेत गेले. तिथे त्यांना इंग्रजी शिकवायला होते रसेल हार्टी, जे नंतर स्वतःच टीव्हीवरचे प्रसिद्ध मुलाखतकार झाले. १९६२ ते १९६५ या काळात व्हाइटली केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात इंग्रजी शिकले आणि विद्यार्थ्यांच्या 'व्हार्सिटी' या वृत्तपत्राचे संपादक झाले. डिग्री मिळाली ती थर्ड क्लासची. अभ्यासापेक्षा पेपर काढण्यातच जास्त रात्री गेल्या असाव्यात. (आमच्या संपादक मंडळाने याची नोंद घ्यावी!)

त्यानंतर लंडनला आयटीएन या वृत्तसंस्थेत तीन वर्षं उमेदवारी केली आणि १९६८ मध्ये नव्याने सुरू झालेल्या यॉर्कशायर टेलिव्हिजनमध्ये ते परत आपल्या मुलखात आले. तिथल्या 'कॅलेंडर' या संध्याकाळच्या बातम्यांच्या कार्यक्रमात ते १९९५ पर्यंत दिसत राहिले. लंडन सोडून परत गावाकडे येणं हे करिअरच्या भाषेत मागे जाणंच. पण मला वाटतं, हाच त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता.

याच 'कॅलेंडर'मध्ये १९७७ साली फेरेटचा प्रसंग घडला. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा, ससे पकडायला पाळतात तो प्राणी. मुलाखत चालू असताना त्याने व्हाइटलींच्या बोटाचा चावा घेतला आणि जवळजवळ अर्धा मिनिट सोडलंच नाही! हा तुकडा पुढे वर्षानुवर्षं टीव्हीवर दाखवला गेला. एखाद्याने तोंड लपवलं असतं. व्हाइटली स्वतःही त्यावर हसत राहिले.

आता 'काउंटडाउन'. हा खेळ मूळचा फ्रेंच. आर्मां जामो यांनी १९६५ मध्ये तो फक्त शब्दांचा म्हणून सुरू केला, आकडे नंतर १९७२ मध्ये आले. यॉर्कशायर टेलिव्हिजनने १९८२ मध्ये तो आधी आपल्याच भागापुरता करून पाहिला. मग २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल ४ ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावरचा पहिलावहिला कार्यक्रम होता 'काउंटडाउन'. खेळ साधा आहे. स्पर्धक एकेक करून स्वर किंवा व्यंजन मागतो, नऊ अक्षरं झाली की घड्याळ सुरू होतं आणि ३० सेकंदांत सगळ्यात लांब शब्द करायचा. मधे आकड्यांची फेरी. शेवटी नऊ अक्षरांचा एक उलटापालटा शब्द, जो आधी ओळखेल त्याचा. (मराठीत हा खेळ करून बघा. काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी अक्षरं धरायची का, यावरच पहिलं भांडण होईल.)

बक्षीस काय? करोड वगैरे विसरा. जिंकणाऱ्याला पुढच्या भागात परत खेळायला मिळायचं. ओळीने आठ सामने जिंकले की तो मानाने बाजूला व्हायचा आणि मालिकेच्या शेवटच्या फेऱ्यांना परत यायचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जिंकणाऱ्याला चहाची एक किटली मिळायला लागली, आणि मालिकेच्या अजिंक्यवीराला ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे वीस खंड. एवढ्यासाठी माणसं महिनोन् महिने शब्द पाठ करून यायची!

आपल्याला क्विझमास्टर म्हटलं की सगळी उत्तरं स्वतःलाच येतात अशा थाटात उभा असलेला माणूस आठवतो. (उत्तरं हातातल्या कार्डावर असतात ही गोष्ट वेगळी.) व्हाइटलींचं उलट होतं. आकडे कॅरोलचे, शब्द कोशकारांचे, हुशारी स्पर्धकांची. या सगळ्यांत मी सामान्य माणूस, असं त्यांनी २३ वर्षं उघडपणे दाखवलं. ते अडखळायचे, त्यांची कोटी पडायची, कॅरोल डोळे फिरवायची. टीकाकारांनी त्यांना बावळट ठरवलं. मला हे अजिबात पटत नाही. दुपारी घरी कागद-पेन घेऊन बसलेल्या आजी-आजोबांना आणि कॉलेज बुडवून आलेल्या पोरांना ९५२ जमलं नाही तरी लाज वाटत नव्हती, कारण टीव्हीवरच्या माणसालाही ते जमलेलं नसायचं. ॲप्टिट्यूड टेस्टच्या रांगेत उभं राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, जिथे तीस सेकंदांत जमलं नाही की माणूस 'ढ' ठरतो, हे फार मोलाचं वाटायला हवं.

गंमत म्हणजे कॅरोलसुद्धा केंब्रिजची इंजिनीअर, आणि तिलाही थर्ड क्लासच! तिच्या आईने पेपरातली जाहिरात बघून परस्पर अर्ज केला होता. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

दुपारी 'काउंटडाउन' आणि संध्याकाळी 'कॅलेंडर', असे व्हाइटली दिवसातून दोनदा दिसायचे, म्हणून लोक त्यांना 'ट्वाइस नाइटली व्हाइटली' म्हणायचे. असं म्हणतात की ब्रिटिश टीव्हीवर त्यांच्यापेक्षा जास्त तास फक्त एकच चेहरा दिसला, तो म्हणजे कार्यक्रम नसताना दाखवायच्या टेस्ट कार्डवरच्या मुलीचा. आपल्याकडे दूरदर्शनवर रंगीत पट्टे यायचे ना, तसंच ते. १९९८ मध्ये वेटवँग नावाच्या छोट्याशा गावाने त्यांना मानद महापौर केलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आपल्या शर्यतीच्या घोडीचं नाव 'मेअर ऑफ वेटवँग' ठेवलं. इंग्रजीत घोडी आणि महापौर या शब्दांचे उच्चार जवळपास सारखे, म्हणजे इथेही कोटीच! २००४ मध्ये त्यांना ओबीई हा सरकारी किताब मिळाला.

२००५ च्या मे महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून बरे होताहेत असं वाटत असतानाच हृदयाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि २६ जून २००५ रोजी लीड्सच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वय फक्त ६१. त्या मालिकेचे शेवटचे भाग आधीच रेकॉर्ड झालेले होते. ते दाखवण्याआधी कॅरोल एकटी कॅमेऱ्यासमोर आली आणि बोलता बोलता तिचा गळा दाटून आला. मग नेहमीचं संगीत वाजलं आणि व्हाइटली आपल्या जागेवर बसलेले दिसले.