पंढरीच्या दारी आलेले सभापती

भजनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि मधे वीणेकरी असतो. तो ह्या रांगेचाही नव्हे, त्या रांगेचाही नव्हे. दोन्हींचा मेळ राखणे एवढेच त्याचे काम. विधिमंडळात सभापतीचे काम असेच असते. ते काम जन्मभर केलेले कै. गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर एकदा आपल्या पंढरीच्या उपयोगी पडले. त्यांचे स्मरण वारकऱ्यांनी ठेवायला हवे.

दादासाहेबांचे घराणे मूळचे रत्नागिरीकडील. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. शिक्षणासाठी ते अहमदाबादेस गेले आणि तिथलेच झाले. १९१२ साली वकिलीची परीक्षा पहिल्या वर्गात उतरून त्यांनी पुढच्या वर्षी वकिली सुरू केली. धंदा चांगला चालू लागला होता. पण खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सत्याग्रह आला, गांधीजींची हाक आली, आणि दादासाहेबांनी चालती वकिली बाजूला ठेवली. पुढे तुरुंगवासही पुष्कळ घडला. तिथे गुन्हेगार म्हणून आलेल्या कैद्यांशीही त्यांनी माणुसकीने मैत्री केली. त्या अनुभवांचे त्यांचे गुजराती पुस्तक आहे.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि सभापती झाले. सभापती झाला की माणसाने आपल्या पक्षाचेही बोलणे तोलून ऐकायचे आणि विरोधकालाही बोलू द्यायचे. वकिलाच्या जिभेला हा मोठाच संयम! १९३८ साली ह्याच विधिमंडळात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पण त्या कायद्याने सक्ती केली नव्हती. देवळाच्या विश्वस्तांना वाटले तर त्यांनी दार उघडावे, एवढीच मोकळीक दिली होती. म्हणजे किल्ली विश्वस्तांच्याच हाती राहिली, आणि पंढरीचे दार काही उघडले नाही.

आता पाहा, कसा योग आला! १९४६ साली दादासाहेब दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. निवडणूक चुरशीची, ६६ विरुद्ध ६३, अवघ्या तीन मतांनी जिंकली. दुसऱ्याच वर्षी, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारी आहे, त्यांच्या लेकरांना विठोबाच्या पायांवर डोके ठेवता येईना, ही गुरुजींची व्यथा. एकीकडे रूढीला धरून बसलेली मंडळी, दुसरीकडे दिवसेंदिवस खंगत चाललेले गुरुजी. त्यांचे काही बरेवाईट झाले असते, तर तो डाग आपल्या संप्रदायाला कधी धुता आला असता का हो?

अशा वेळी दादासाहेब पंढरीस आले. त्यांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींशी बोलणी केली आणि त्यांचे मन वळवले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि १० मे रोजी गुरुजींचे उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा नवा, सक्तीचा कायदाही केला. पण विठोबाच्या दारी तडजोड आधी झाली, कायदा मागून आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १५ मे १९५२ रोजी दादासाहेब पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. त्या पदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस ते निवर्तले. दिल्लीतला त्यांचा मान मोठा खरा. पण आपल्याला त्यांची पंढरीची खेपच जवळची.

येत्या वारीला महाद्वारी चोखोबांना नमस्कार करून आत जाल, तेव्हा मागेपुढे पाहा. रांगेत कोण कुठल्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. ह्यासाठी गुरुजींनी प्राण पणाला लावला आणि एका वकिलाने आपली वाणी वेचली. त्या दोघांसाठीही विठोबापुढे हात जोडा.

राम कृष्ण हरि.