थर्गुड मार्शल आणि पोलिसांची ढाल

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा होती आणि तिच्या वर्गाच्या खिडक्या पोलीस ठाण्याच्या बाजूला उघडत. ठाण्यात पकडून आणलेल्या काळ्या माणसांना पोलीस बडवत, धमकावत, आणि ते सारे वर्गात बसलेल्या मुलांच्या कानावर पडे. त्या मुलांपैकी एक होते थर्गुड मार्शल. (याच बाल्टिमोरमध्ये २०१५ साली पोलिसांच्या गाडीतून नेलेला २५ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण मानेला इजा होऊन मेला. सहा पोलिसांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा एकालाही झाली नाही. शहराने मात्र ६४ लाख डॉलर भरपाई दिली.)

आपल्या चळवळीतील वाचकांना मार्शल माहीत आहेत ते १९५४ च्या ब्राऊन खटल्यामुळे. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा तो निकाल त्यांनी मिळविला आणि पुढे ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. वर्दीतल्या माणसाला कोर्टात उभे करण्यासाठी या माणसाने काय केले, आणि त्यात त्याला कुठे अपयश आले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्हणून आम्ही ते आज सांगणार आहोत.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ चा. पणजोबा गुलाम होते. वडील रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर, आई शिक्षिका. वडिलांना कोर्टातले खटले ऐकण्याचा नाद होता, ते मुलांनाही सोबत नेत. शाळेत खोड्या केल्या की शिक्षा म्हणून देशाची राज्यघटना वाचायला बसवत. अशा शिक्षा इतक्या झाल्या की घटना पाठ झाली, असे मार्शल पुढे सांगत. मेरीलँडच्या सरकारी लॉ कॉलेजात काळ्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात नाव घातले. फीसाठी आईने लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी गहाण ठेवली. १९३३ साली ते वर्गात पहिले येऊन वकील झाले आणि तीनच वर्षांत त्याच मेरीलँडच्या कॉलेजचे दार त्यांनी खटला जिंकून उघडायला लावले.

पुढची पंचवीस वर्षे ते एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वकील होते. दक्षिणेकडील खेडोपाडी, जिथे काळा वकील कोणी पाहिलेला नव्हता, तिथे ते आगगाडीने जात. फ्लोरिडात चार काळ्या माणसांना दिवसचे दिवस आणि रात्रभर झोडपट्टीच्या धाकाखाली चौकशी करून खुनाची कबुली द्यायला लावली होती. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली फेटाळली, त्या बाजूच्या वकिलांच्या फळीत मार्शल होते. १९४३ च्या डेट्रॉइट दंगलीत ३४ माणसे मेली. त्यातील २५ काळी होती आणि त्यांतल्या १७ जणांना पोलिसांनी मारले होते. पोलिसांच्या गोळीने मेलेला गोरा एकही नव्हता. मार्शल यांनी तिथे जाऊन माहिती गोळा केली आणि पोलिसांवर थेट आरोप करणारा अहवाल लिहिला.

१९४६ साली टेनेसी राज्यातील कोलंबिया गावी त्यांच्यावरच पाळी आली. पोलिसांनी काळ्यांच्या वस्तीत धिंगाणा घालून वर काळ्यांवरच खुनाच्या प्रयत्नाचे खटले भरले होते. बहुतेक आरोपी निर्दोष सुटले. नोव्हेंबरमधल्या एका रात्री काम आटोपून परतताना पोलिसांनी वकिलांची मोटार अडवली, दारू पिऊन गाडी चालविल्याचा आरोप ठेवून एकट्या मार्शल यांना उतरवून घेतले आणि त्यांना घेऊन गाडी नदीकडच्या रस्त्याला लागली. सहकाऱ्यांना पुढे जायला फर्मावले होते, पण ते मागोमाग गेले. साक्षीदार हटत नाहीत म्हटल्यावर पोलीस माघारी फिरले. मॅजिस्ट्रेटने तोंडाचा वास घेतला आणि सोडून दिले. सहकारी मागे गेले नसते तर काय झाले असते, हे खैरलांजी पाहिलेल्या महाराष्ट्राला आम्ही सांगायला नको.

फ्लोरिडातील ग्रोव्हलँड प्रकरण तर याहून भयंकर. बलात्काराच्या खोट्या आरोपात फाशी झालेल्या दोघा काळ्या तरुणांची शिक्षा मार्शल यांच्या संघटनेने १९५१ साली सर्वोच्च न्यायालयातून रद्द करून आणली. फेरसुनावणीसाठी नेताना शेरीफ विलिस मॅकॉलने बेड्या घातलेल्या त्या दोघांवर वाटेतच गोळ्या झाडल्या. एक जागीच मेला. दुसरा वाचला आणि त्याने सगळे सांगितले. तरीही मॅकॉलवर खटला उभा राहिला नाही. तो १९७२ पर्यंत शेरीफच राहिला. त्या तरुणांवरचा कलंक न्यायालयाने पुसला २०२१ मध्ये, तेव्हा चौघांपैकी एकही आरोपी हयात नव्हता.

आता कायद्याकडे वळू. यादवी युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनच्या हैदोसाला आळा घालण्यासाठी १८७१ साली अमेरिकी संसदेने कायदा केला, की सरकारी अधिकाराच्या जोरावर कोणी घटनात्मक हक्क पायदळी तुडवला तर त्याच्यावर व्यक्तिशः भरपाईचा दावा लावता येईल. त्यात पोलिसांना सूट दिल्याचा एक शब्दही नाही. नव्वद वर्षे हा कायदा जवळपास झोपून होता. १९६१ साली न्यायालयाने तो जागा केला आणि १९६७ साली, मार्शल त्या खंडपीठावर येण्याच्या काही महिने आधी, पोलिसाने सद्‌हेतूने वागल्याचे दाखवले तर त्याला वाचवणारी वाट न्यायालयानेच काढून दिली. १९८२ च्या हार्लो खटल्यात ही ढाल आणखी रुंद झाली. अधिकाऱ्याचा हेतू पाहायचा नाही. मोडलेला हक्क आधीच स्पष्टपणे प्रस्थापित झालेला होता का, एवढेच पाहायचे. याचा व्यवहारात अर्थ असा, की अगदी तशाच घटनेवरचा जुना निकाल दाखवता आला नाही तर पीडिताचा दावा पहिल्याच पायरीवर मरतो. यालाच तिथे क्वालिफाइड इम्युनिटी म्हणतात.

आम्हाला लपवायचे नाही: हार्लोच्या निकालाला मार्शल यांनीही संमती दिली. तो खटला रस्त्यावरच्या शिपायाचा नव्हता, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहाय्यकांचा होता. आपण कायदा मोडतो आहोत हे ज्याला ठाऊक होते त्याला संरक्षण मिळू नये, अशी पुस्ती जोडणाऱ्या मताला मार्शल यांनी साथ दिली. पण ढाल एकदा घडली की ती कोणाच्या हाती जाईल हे घडवणाऱ्याच्या हातात राहत नाही. १९८७ साली तीच ढाल वॉरंटशिवाय घरात घुसलेल्या अधिकाऱ्याला मिळाली, तेव्हा मार्शल विरोधी बाजूला होते. तोवर उशीर झाला होता. महापुरुषाची चूक सांगितल्याने तो लहान होतो असे आम्ही मानत नाही.

पोलिसांच्या गैरवर्तनावरचे त्यांचे सर्वात कठोर लेखन १९८३ चे आहे. लॉस एंजेलिसमध्ये गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून अडवलेल्या काळ्या तरुणाचा पोलिसांनी गळा आवळला, तो बेशुद्ध पडला. ही पद्धत बंद करा, अशी त्याची मागणी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. त्याचाच गळा पुन्हा आवळला जाईल हे तो सिद्ध करू शकत नाही, म्हणून. मार्शल यांनी विरोधी निकालपत्रात हिशेबच मांडला: १९७५ पासून या शहरात गळा आवळल्यानंतर १६ माणसे मेली, त्यात १२ काळे पुरुष, लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अवघे ९ टक्के.

या ढालीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की क्षणात निर्णय घ्यावा लागणारा शिपाई दाव्याच्या भीतीने हातच उचलणार नाही. पण तिथे भरपाईची रक्कम शिपायाच्या खिशातून जवळपास कधीच जात नाही, ती शहर भरते. आपल्याकडची ढाल वेगळ्या घडणीची आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर फौजदारी खटला भरायला सरकारची परवानगी लागते, हे ब्रिटिशांच्या काळापासून चालत आले आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा जण मारले गेले; सत्र न्यायालयाचा निकाल यायला २००९ उजाडले.

मार्शल १९९१ मध्ये निवृत्त झाले, २४ जानेवारी १९९३ ला गेले. त्यांच्या जागी आलेले क्लॅरेन्स थॉमस बहुतेक प्रश्नांवर त्यांच्या अगदी उलट टोकाचे. पण याच थॉमस यांनी २०२० साली लेखी नोंदवले, की १८७१ च्या कायद्यात या संरक्षणाला आधार आहे का याची आपल्याला शंका आहे. त्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर ही ढाल काढण्याचे विधेयक अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, २०२१ मध्ये पुन्हा झाले. सिनेटमध्ये ते अडले. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी आपापल्या कायद्याखालच्या दाव्यांत पोलिसांना हा बचाव घेता येणार नाही असे ठरवले. केंद्रीय कायद्यात तो अजून आहे.