डॉ. आनंदीबाई जोशी : बाळंतिणींसाठी समुद्र ओलांडणारी



दरवर्षी ३१ मे रोजी आपण पवित्र मरियेच्या एलिझाबेथभेटीचा सण साजरा करतो. उतारवयात दिवस गेलेल्या नात्यातल्या बाईकडे मरिया डोंगराळ प्रदेशातून लगबगीने गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे शुभवर्तमान सांगते. मरिया स्वतः तेव्हा गरोदर होती. बाळंतपणाच्या वेळी जवळ मायेचे बाईमाणूस असावे, ही गरज किती जुनी आहे पाहा. ह्याच गरजेसाठी आपले घरदार सोडून अमेरिकेपर्यंत गेलेल्या एका मराठी मुलीची ओळख आज करून घेऊ या. ती काही काळ आपल्या शेजारी, चौलपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या अलिबागला राहिली होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोश्यांचे. एके काळचे जमीनदार, पण पुढे हात आखडलेले. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते पोस्टात कारकून, बिजवर, आणि तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिला शिकवायचेच असा ध्यास घेतला. नोकरी बदलीची, त्यामुळे कल्याणनंतर अलिबाग, मग कोल्हापूर, पुढे भूज आणि कलकत्ता अशी गावे या जोडप्याने पाहिली. अलिबागच्या मुक्कामातही तिचा अभ्यास चालू होता. बायको पुस्तक घेऊन बसते ही गोष्ट त्या काळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना चघळायला पुरेशी होती.

गोपाळरावांचे कौतुक खूप होते आणि त्यातले काही योग्यही आहे. पण ते सौम्य गृहस्थ नव्हते. अभ्यासात कसूर झाली की त्यांनी लहानग्या बायकोला लाकडाने मारले, तिच्या अंगावर खुर्च्या-पुस्तके भिरकावली. पुढे अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रात तिने स्वतःच त्यांना याची आठवण करून दिली. चांगल्या कामासाठी केलेला छळ हा छळच असतो, एवढे म्हणून पुढे जाऊ.

तेरा-चौदा वर्षांची असताना आनंदीबाई बाळंत झाली. मुलगा झाला. तो दहा दिवस जगला.

हिंदू घरात बाराव्या दिवशी बारसे असते. हे बाळ पाळण्यात नाव घालण्याच्या आधीच गेले. त्या दहा दिवसांत उच्चवर्णीय घरात काय चालत असे ते आपण समजून घेतले पाहिजे. सोयर असल्यामुळे बाळंतीण वेगळ्या खोलीत. खोली बहुधा अंधारी, दार-खिडक्या लावलेल्या, आत शेगडी आणि धुरी. सुईण तेवढी आत-बाहेर करायची. सुईणींचा अनुभव दांडगा असे. आपल्या आज्या-पणज्याही त्यांच्याच हातून सुखरूप मोकळ्या झाल्या आहेत. पण नाळ कापायचे हत्यार उकळून घ्यावे, हात साबणाने धुवावेत, हे तिला कोणी शिकवले नव्हते. युरोपातसुद्धा १८४७ साली व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतीच्या वॉर्डात हात धुण्याचा आग्रह धरला तेव्हा इतर डॉक्टर त्यांच्यावरच उलटले होते. बाळाला ताप आला, आईचे रक्त थांबेना, तर डॉक्टर पुरुष. त्याला खोलीत घ्यायचे कसे? लाजेपायी बायका गप्प राहत आणि घरची माणसे वाट पाहत. मुलगे आणि आया अशाने किती गेल्या असतील!

आपल्या बाळाला वेळेवर औषधोपचार मिळाला असता तर ते वाचले असते, असे या मुलीच्या मनाने घेतले. मूल गेल्यावर चार दिवस रडून पुन्हा कामाला लागायचे, पुढच्या खेपेला देव देईल, अशी तेव्हाच्या समाजाची समजूत घालण्याची रीत होती. (ती अजून पूर्ण गेली आहे असे नाही. बाळ गमावलेल्या आईला आपण काय बोलतो, ते एकदा आठवून पाहावे.) आनंदीबाईने दुःख गिळले नाही. आपणच डॉक्टर व्हायचे, म्हणजे बायकांना बाईपाशी तोंड उघडता येईल, असे तिने ठरवले.

कोल्हापूरला असताना १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरीला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. त्यांनी ख्रिस्ती व्हावे अशी अपेक्षा उत्तरात होती; जोशी पतिपत्नींनी नकार दिला. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला. ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती थिओडोसिया कार्पेंटर यांच्या हाती दंतवैद्याच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहताना पडले. या बाईंनी कसलीही अट न घालता आनंदीबाईला पत्र लिहिले आणि आपले घर देऊ केले. दोघींचे मावशी-भाचीचे नाते जडले. ख्रिस्ती म्हणून आपण या दोन्ही उत्तरांकडे पाहावे. कार्पेंटरबाईंचे उत्तर मला शुभवर्तमानाच्या जास्त जवळचे वाटते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईने इंग्रजीत जाहीर भाषण केले. वय अठराही पूर्ण नव्हते. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत म्हणून कशा हाल सोसतात, हे तिने सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही तिने बजावले. एप्रिलमध्ये ती नवऱ्याशिवाय बोटीत बसली आणि जूनमध्ये अमेरिकेला पोचली.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात डीन रेचेल बॉडले यांनी तिला प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. नऊवारी लुगडे, शाकाहार आणि तिथली बोचरी थंडी, हे गणित जुळणे कठीणच होते. तब्येत खालावत गेली, क्षयाने शरीर पोखरले. तरी अभ्यास सोडला नाही. शेवटच्या प्रबंधासाठी तिने हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला आणि जुन्या संस्कृत ग्रंथांतले ज्ञान अमेरिकन प्राध्यापकांपुढे मांडले. चरकाच्या ग्रंथात सूतिकागृह कसे असावे, गरोदर बाईचे डोहाळे का पुरवावेत, प्रसूतीच्या वेळी अनुभवी आणि प्रेमळ स्त्रिया तिच्याभोवती बसून तिला धीर कसा देतात, हे सारे आले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी एके काळी बाळंतिणीच्या मनाचाही विचार केला होता. मधल्या काळात विटाळ उरला आणि मायेचा भाग मागे पडला.

११ मार्च १८८६ रोजी तिला एम.डी. पदवी मिळाली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीची परीक्षा पूर्ण केली, तेव्हा पहिली कोण हा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले.

आता आपल्या ख्रिस्तसभेविषयी थोडे. परपुरुष नको ही अडचण हिंदू घराची होती असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. धर्मभगिनींनी बाळंतपणाचे काम करू नये असा नियम आपल्याकडेही बराच काळ होता. स्कॉटलंडच्या डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन यांनी रावळपिंडीला स्त्रियांसाठी इस्पितळ उभारले आणि हा नियम बदलावा म्हणून रोमचे उंबरठे झिजवले. १९१३ साली त्या वारल्या. त्यांचे काम ऑस्ट्रियाच्या डॉ. अॅना डेंगेल यांनी उचलले आणि १९२५ साली मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, रोमहून परवानगी आली. आज कितीतरी बाळांना या जगात पहिला हात सिस्टरांचा लागतो. तो हात मिळायला आनंदीबाईंच्या पदवीनंतर पन्नास वर्षे गेली.

धनुर्वाताने नवजात बाळे जाण्याचे संकट भारतातून जवळजवळ हटले, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जाहीर केले. गरोदरपणी आईला दिलेली लस, स्वच्छ पाते आणि धुतलेले हात, एवढ्याने हे घडले.

आनंदीबाईंना मात्र कोल्हापूरच्या त्या वॉर्डात एकही दिवस काम करता आले नाही. १८८६ च्या अखेरीस त्या आजारी अवस्थेतच परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बावीस वर्षेसुद्धा पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या आजही आहेत. प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध फिलाडेल्फियात जपून ठेवला आहे.